मॅट कोटनंतर मॉडेल पांढुरकं पडतंय? आधी महिना बघा

महिनाभर खपून किटमधून रोबोटचं प्लास्टिक मॉडेल जुळवलं. निपरने कापलेल्या जागा घासून सपाट केल्या, खाचांमधून काळ्या रेषा ओढल्या, तांदळाएवढे स्टिकर चिमट्याने बसवले. शेवटी प्लास्टिकची चकाकी घालवायला मॅट कोटचा स्प्रे मारला, आणि अर्ध्या तासाने बघावं तर सगळ्या अंगावर पांढुरकी छटा. खानदेशात, अमळनेरला माझ्या घरी हे तीनदा झालं. तिन्ही वेळा दिसायला एकच, कारण मात्र वेगळं. पहिल्या वेळी ज्या उपायाने मॉडेल वाचलं, दुसऱ्या वेळी त्याच उपायाने ते बिघडलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

छंद नवा असलेल्यांसाठी थोडंसं. बंदाई या जपानी कंपनीने गंडम या ॲनिमेशन मालिकेतल्या रोबोटाचं पहिलं किट जुलै १९८० मध्ये बाजारात आणलं, १/१४४ प्रमाणात, ३०० येनला. आजही नवशिके बहुतेक करून १/१४४ च्या एचजी (हाय ग्रेड) किटनेच सुरुवात करतात. आताच्या किटचे भाग मुळातच रंगीत प्लास्टिकचे असतात आणि गोंदाशिवाय एकमेकांत बसतात, त्यामुळे कितीतरी मुलं रंग देतच नाहीत, फक्त मॅट कोट मारतात. म्हणजे ज्या एका कामासाठी स्प्रे हातात घ्यायचा, नेमका तिथेच घात होतो.

आखाजीची दुपार

बहीण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली. बरोबर भाचा, आणि त्याच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गडद हिरवा झाकू, गंडममधलाच एक रोबोट. मॅट कोट मामाकडे मारायचा असं त्याने आधीच ठरवलं होतं. दुपारी चारला आम्ही गच्चीवर गेलो. पारा ४२ ला टेकलेला, सावलीतला वारासुद्धा तापलेला. डब्यावर २० ते ३० सेंटीमीटर अंतर लिहिलं होतं. जाड थर नको म्हणून आम्ही फूटभर लांबूनच फवारलं.

वाळल्यावर भाच्याने खांद्यावरून बोट फिरवलं. "मामा, हा तर काचकागदासारखा लागतोय!" काळ्या टी-शर्टला घासलं तर बारीक पांढरी पूडही उतरली.

स्प्रेतून निघणारा प्रत्येक थेंब म्हणजे द्रावकात विरघळलेली राळ. तो ओला असताना पृष्ठभागावर पोचला पाहिजे, पसरला पाहिजे, शेजारच्या थेंबात मिसळला पाहिजे. मे महिन्यातल्या आपल्या हवेत फूटभर अंतर कापेपर्यंतच द्रावक उडून जातो आणि पोचते ती कोरडी कणी. ती पसरत नाही, नुसती चिकटून बसते. खडीसाखर पारदर्शक असते आणि तिचीच पिठीसाखर पांढरी दिसते. इथेही तेच घडतं. राळ पांढरी झालेली नसते, तिचे कण सुटे राहिलेले असतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला उठलो. डबा रात्रभर माठाजवळच्या थंड कोपऱ्यात ठेवला होता. पूड जुन्या मऊ टूथब्रशने झटकली, अंतर वीतभरावर आणलं आणि प्रत्येक हात असा मारला की क्षणभर पृष्ठभाग ओला चकाकताना दिसावा. वाळल्यावर झाकू जसा हवा तसाच, मऊ आणि गडद. मी वहीत लिहून ठेवलं: पहाटे, जवळून, ओला हात. इथे "मे महिन्यात" हे दोन शब्द लिहायचे राहिले.

कानबाईचा रविवार

श्रावणात कानबाईच्या, आमच्या खानदेशी सणाच्या, रोटांसाठी सगळे पुन्हा घरी जमले. भाचा या वेळी त्याच झाकूची ढाल आणि नवी बंदूक घेऊन आला. मी वही उघडली आणि पहाटे सहाला मागच्या पडवीत, वीतभर अंतरावरून, छान ओला हात मारला. रात्री पाऊस पडून गेलेला, हवा थंडगार, वारा नाही. याहून चांगली वेळ कोणती, असंच वाटलं.

पाचच मिनिटांत ढालीवर दूध पसरल्यासारखं झालं. मला वाटलं, पुन्हा कोरडं बसलं, अजून ओलं हवं. दुसरा हात आणखी जाड मारला. ढाल आणखी पांढरी झाली. आई रोटांचं पीठ मळता मळता बाहेर आली, ढाल हातात घेतली आणि म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ? पीठ सांडनं का?"

उत्तर मिळालं ते आमच्या गल्लीत फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारागिराकडून. ढाल बघताच तो म्हणाला, "भाऊ, पावसाळ्यात सकाळी पॉलिश मारतच नाही आम्ही. पांढरं येतं. ऊन पडू द्यायचं, लाकूड गरम होऊ द्यायचं, मग हात लावायचा." सागवानी दारावर लॅकर मारणाऱ्यांना जे वर्षानुवर्षं माहीत आहे, ते आपल्या छंदातल्या मुलांपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गल्लीत विचारायचं सोडून आपण जपानी डब्यावरच्या चित्रांत उत्तर शोधत बसतो.

द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. हातावर स्पिरिट लावल्यावर गार लागतं, तसंच. कोट मारलेला भाग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. हवा दमट असेल तर तेवढ्यानेही तो दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं त्याच्या, खाली जातो आणि ओल्या राळेवर बाष्पाचं दव पडतं. पाण्यात राळ विरघळत नाही, ती तिथल्या तिथे फाटते आणि थरात अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात. तोच हा दुधी पडदा.

आकड्यांत बघू. मेमध्ये दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण १० अंशांवर असतो. पृष्ठभाग तब्बल ३२ अंशांनी थंड झाला तरच दव पडेल, म्हणजे पडणारच नाही. श्रावणातल्या पहाटे २६ अंश आणि ९२ टक्के असेल तर दवबिंदू साडेचोवीसच्या आसपास. जेमतेम दीड अंशाचा फरक. स्प्रेचा पहिला हातच तो भरून काढतो. त्याच दिवशी दुपारी ऊन पडून ३१ अंश आणि ६२ टक्के झालं तर फरक साडेसात-आठ अंशांचा होतो आणि काम जमतं.

हे काढायला कोष्टक लागत नाही. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा ती १०० मधून वजा करायची आणि ५ ने भागायचं. जे येईल तितके अंश तुमच्या हातात आहेत. माझा नियम असा: उत्तर ६ पेक्षा कमी आलं की डबा खाली. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ काही शे रुपयांत मिळतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) घ्यायच्या आधी ते घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

तिसरी वेळ, जिने मला सगळ्यात जास्त शिकवलं

पुढच्या मे महिन्यात मला वाटलं, आता दोन्ही कळलं. उन्हात कोरडं बसतं तर घरात मारू. कूलर तासभर चालू होता, लू आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद. पायाचे भाग कूलरसमोर धरून फवारले. कूलरच्या बाजूने ते खरखरीत झाले आणि मागच्या बाजूने दुधी. एकाच पायावर दोन्ही रोग! घड्याळात बघितलं तर खोलीत २८ अंश आणि ८२ टक्के. बाहेर वैशाख आणि आत श्रावण.

आपल्याकडचा कूलर पाणी उडवूनच हवा गार करतो. बंद खोलीत तो आर्द्रता चढवत जातो आणि त्याचा झोत थेंबांना वाटेतच सुकवतो. वर ताट्यांमधलं गवताचं कुसळ उडून ओल्या कोटवर बसतं ते वेगळंच. म्हणून कूलरच्या खोलीत कोट मारायचा नाही. बाहेर फारच तापलं असेल तर कूलर बंद करून, खिडक्या उघडून, अर्धा तास थांबून मग मारायचा. यात सुरक्षिततेचाही भाग आहे. स्प्रेतला वायू आणि द्रावक दोन्ही पेट घेतात, त्यामुळे चालू मोटर, गॅसची शेगडी, देवघरातला दिवा यांच्या खोलीत स्प्रे नकोच. कानबाईच्या दिवसांत तर घरात दिवा अखंड तेवत असतो.

तुमच्या हातात कोणतं पांढरं आहे?

उपाय करण्याआधी हे ओळखणं हेच खरं काम आहे. कोट पूर्ण वाळू द्या, मग नखाच्या पाठीने हलकेच घासून बघा. खरखर लागली आणि काळ्या कापडावर पूड उतरली तर ते कोरडं बसलेलं आहे. गुळगुळीत लागलं आणि काहीच उतरलं नाही तर आतला दुधी थर आहे.

जागासुद्धा बोलते. कोरडी पूड आतल्या कोपऱ्यांत, काखेत, मांड्यांच्या मागे जास्त साचते, म्हणजे जिथे फवारा थेट न लागता भरकटत पोचतो तिथे. दुधी पडदा उलट जिथे कोट सगळ्यात ओला बसला तिथे, ढालीच्या मध्यावर, छातीच्या सपाट भागावर. अजून शंका असेल तर पाण्याचा एक थेंब ठेवा. खरखरीत थर पाण्याखाली बहुतेक नाहीसा होतो, कारण पाणी कणांमधल्या फटी भरतं. दुधी थर बराचसा तसाच दिसत राहतो.

एक तिसरा प्रकारही आहे, तो हवामानाचा नाही. मॅट कोटमध्ये चकाकी घालवणारी बारीक पावडर असते, ती तळाशी बसते. डबा नीट न हलवता, किंवा एकावर एक चार-पाच हात मारून ती पावडर जास्त जमली तर ऐन कार्तिकातल्या चांगल्या हवेतही गडद भाग फिकट पडतात. डब्यातल्या गोळीचा आवाज येऊ लागल्यावर पुढे पूर्ण एक मिनिट डबा हलवायचा, हे गाणं म्हणून लक्षात ठेवा. आणि पांढऱ्या मॉडेलवर भरवसा ठेवू नका. आमच्या पांढऱ्या आरएक्स-७८-२ वर, म्हणजे मालिकेतल्या मूळ गंडमवर, हीच छटा आधीपासून होती, फक्त दिसत नव्हती. काळा प्लास्टिकचा चमचा हा सगळ्यात स्वस्त साक्षीदार. त्या दिवशीचा पहिला फवारा नेहमी चमच्यावर मारायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग मॉडेलकडे वळायचं.

दुरुस्ती

कोरडं बसलं असेल तर घाबरू नका, हे सुधारतं. मऊ ब्रशने पूड झटका. तेवढ्याने भागलं नाही तर २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून अगदी हलक्या हाताने फिरवा, कडा आणि स्टिकर सांभाळून. धुऊन पूर्ण वाळवा. मग आधी ग्लॉस (चकाकणारा) कोट मारा, तो फटी भरून पुन्हा पारदर्शक करतो, आणि तो वाळल्यावर वरून मॅटचा एकच पातळ हात. ग्लॉसची ही पायरी बरेच जण गाळतात आणि मॅटवर मॅट चढवत बसतात. त्याने पांढरेपणा वाढतो. पावडर जास्त जमल्याने फिकट पडलेल्यालाही हाच इलाज लागू पडतो.

दुधी झालं असेल तर घासू नका, कारण दोष वर नाही, आत आहे. कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबा. दोन दिवस थांबावं लागलं तरी काही बिघडत नाही. भाग त्या दिवशीच्या हवेइतका गरम होऊ द्या, मग त्याच जातीचा ग्लॉस कोट हलका मारा. ताज्या कोटमधला द्रावक जुना थर किंचित मऊ करतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि पोकळ्या मिटतात. लॅकर जातीचा कोट असेल आणि एअरब्रश असेल तर नुसत्या सावकाश उडणाऱ्या थिनरची धुक्यासारखी फवारणी पुरते. मिस्टर कलर लेव्हलिंग थिनरमध्ये उडण्याची गती कमी करणारा घटक आधीच असतो, तो यासाठी उत्तम. मात्र हात हलकाच हवा. खाली इनॅमल रंगाच्या रेषा किंवा पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं (डेकल) असतील तर जाड ओला थर त्यांना विरघळवतो किंवा सुरकुत्या पाडतो. आमच्या ढालीवरचं चिन्ह असंच गेलं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर एअरब्रश धुवायला ठीक आहे. मॉडेलवर नको. त्यातले द्रावक पॉलिस्टायरिनला खातात, आणि किटचे बहुतेक भाग पॉलिस्टायरिनचेच असतात. भाग ज्या चौकटीतून कापून काढतो तिच्यावर पीएस (पॉलिस्टायरिन), एबीएस किंवा पीई अशी प्लास्टिकची खूण कोरलेली असते, ती बघून घ्या. पीई म्हणजे सांध्यांतल्या मऊ टोप्या. त्यांवर कोट टिकत नाही, त्यामुळे तिथे मेहनत घेऊच नका. थर्माकोलसुद्धा पॉलिस्टायरिनच. भाग काड्यांना अडकवून थर्माकोलात खोचतात आणि लॅकरचा स्प्रे मारतात, मग थर्माकोलला खड्डे पडतात, काड्या कलंडतात आणि ओला भाग जमिनीवर पडतो. मी गव्हाने भरलेल्या जुन्या डब्यात काड्या खोचतो. घट्ट उभ्या राहतात आणि धूळ उडत नाही. ते गहू नंतर खाण्यात घेऊ नका.

वेळ कशी निवडायची

मार्चअखेर ते जूनचा पहिला पाऊस: सकाळी साडेपाच ते साडेसात. रात्री नऊलाही भिंती उष्णता टाकत असतात, तेव्हा रात्र म्हणजे थंड असं धरू नका. अंतर वीतभर, हात ओला. डबा पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीत ठेवायचाच नाही. ४० किंवा ५० अंशांच्या वर नेऊ नये असं डब्यावर छापलेलं असतं आणि आपल्याकडे बंद गाडी तो आकडा सहज ओलांडते. फ्रिजमध्येही नको.

पावसाळ्यात सगळं उलटं. सकाळ सोडा, उघडीप झालेली दुपार पकडा, साधारण एक ते चार. हात पातळ, दोन हातांमध्ये पंधरा-वीस मिनिटं. एसीच्या खोलीतून काढलेला थंड भाग लगेच बाहेर नेऊन फवारू नका, दमट हवेत त्याच्यावर आधीच दव धरलेलं असतं, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. अर्धा तास बाहेर ठेवा, मग सुरू करा. कॉम्प्रेसर वापरत असाल तर पाणी अडवणारी बाटली या दिवसांत दर थोड्या वेळाने रिकामी करा, नाहीतर नळीतून पाण्याचा थेंब थेट छातीवर येऊन पडतो.

हिवाळ्यात धुळे-नंदुरबारकडे पहाट फार गारठते. डब्याचा दाब उतरतो आणि तो शिंतोडे टाकतो. अंघोळीच्या कोमट पाण्यात काही मिनिटं उभा केला की सुधारतो, उकळत्या पाण्यात कधीच नाही. दिवाळीनंतरची उतरती सकाळ, दहाच्या सुमाराची, ही मला वर्षातली सगळ्यात चांगली वाटते. फक्त जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचे तंतू हवेत असतात, कोट मारून झाल्यावर भाग लगेच झाकणाच्या पेटीत ठेवा.

कोणताही महिना असो, तोंडाला नुसता रुमाल बांधून चालणार नाही. द्रावकाची वाफ कापडातून सरळ आत जाते. रंगकाम करणारे वापरतात तो कोळशाच्या डबीचा मास्क घ्या, आणि लहान मुलं मदत करत असतील तर त्यांच्यासाठीही घ्या.

ग्लॉसचे दोन प्रयत्न करूनही पांढरेपणा गेला नाही तर थर पूर्ण उतरवावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भाग सुटे करून बुडवायचे, झाकण लावायचं, तासाभराने मऊ ब्रशने घासायचं. पॉलिस्टायरिनला ते सहसा इजा करत नाही, तरी आधी चौकटीच्या उरलेल्या तुकड्यावर तपासा. पारदर्शक आणि एबीएसचे भाग त्यात जास्त वेळ ठेवू नका, आणि जुळलेले, ताणात असलेले सांधे तर मुळीच बुडवू नका, त्यांना चिरा जातात. कानबाईच्या वेळची ती ढाल मी अशीच उतरवली, भाद्रपदातली एक कोरडी दुपार बघून पुन्हा मारली आणि नवं डेकल लावून भाच्याला पाठवली. वहीतल्या त्या जुन्या ओळीपुढे आता दोन रकाने आहेत, एक आखाजीचा आणि एक कानबाईचा.